यशूची फायनल आणि तुझं पुण्यानुमोदन

प्रिय सुजाता,

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि बंगल्यावर बागकामाला जायचं सोडून तसाच बसून राहिलो. पोरीबद्दल तुला विचारायचं होतं. समोर होतीस तेव्हा तरी मी कुठं काही विचारत होतो म्हणा! म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होतंय. वलवणच्या विहारात पुण्यानुमोदन ठरलंय. आणि त्याच दिवशी केरळात आपल्या यशूच्या फुटबॉल क्लबची मॅच आली. "मी येते बाबा, तिकीट काढलंय. मॅच काय, होतच असतात," असं म्हणाली. ती फायनल आहे, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं!

बंगल्याच्या बागेतल्या कुंड्यांमधून ती बॉल काढत पळायची, आठवतं? दोन कुंड्या फुटल्या, तर तू मालकांना सांगितलंस, माकडांनी फोडल्या. लोणावळ्यात माकडांच्या नावावर काहीही खपतं!

गोव्याच्या क्लबानं तिला पहिला अख्खा हंगाम बाकावरच बसवलं. ती फोनवर रडायची आणि तू विचारायचीस, "आगं, नुसतं बसवत्यात, पन जेवायला तरी नीट घालत्यात ना?" रडता रडता हसायची पोर. पुढच्या वर्षी फॉरवर्ड म्हणून पहिल्या मिनिटापासून खेळू लागली.

आणि तो पहिला गोल! बॉल जाळीत गेला आणि मोबाइलवरचं चित्र तिथंच अडकलं. तू थांबतेस कसली! पेढे घेऊन सगळी आळी पालथी घातलीस. तासाभरानं यशूचा फोन, "आई, तो गोल धरला नाही गं. ऑफसाइड होता." तू म्हणालीस, "मग काय, खाल्लेलं पेढं परत मागू व्हय?" पुढच्या मॅचला तिनं खरेखुरे दोन गोल केले, तर शेजारच्या मंदामावशी पेढा हातात धरून विचारतात, "ह्यो तरी पक्का हाय ना?"

मैदानावर तू तीनदा गेलीस. मी दर वेळी बागेचं निमित्त केलं. खरं सांगू? पोरगी पडली तर बघवणार नाही, म्हणून. तू एकदा तरी हाताला धरून का नेलं नाहीस गं?

फायनलचं ऐकून माझी अक्का चिडली. "एकुलती एक लेक, अन् आईच्या पुण्यानुमोदनाला न्हाई? लोक काय म्हनतील?"

विहारातले भंतेजी सांगतात, आपण केलेल्या चांगल्या कामाचा वाटा गेलेल्या माणसाला द्यायचा, ते पुण्यानुमोदन. मग यशूचं चांगलं काम कुठलं? इथं पाहुण्यांना ताटं वाढणं, की तिथं जीव ओतून खेळणं?

काल अक्काला तेच सांगितलं. तर ती म्हणाली, "मॅच किती वाजता हाय? मला बी दाव."

पुढच्या हंगामात मी मैदानावर जाईन, सुजाता. ती पडली तरी डोळे मिटणार नाही. हा शब्द तुला.

आज सकाळी यशूला फोन केला. म्हटलं, "तिकीट रद्द कर. विहारात मी आहे. तू खेळ."

तुझा,
मिलिंद