परत आलेल्या साड्या

आई, आज साड्यांच्या खात्याचा अहवाल शेठजींच्या टेबलावर ठेवून आले. बाबा ज्या पेढीत होते तिथंच मी आता हिशेब बघते, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी अजून शाळेत शिकत होते. पेढी रंग विकते, मशिनचे सुटे भाग विकते, साड्याही विकते. साड्यांचं खातं बाबांनी चालवलं. ते कधीपासूनच तोट्यात आहे. हे काम देताना शेठजी गुजरातीत म्हणाले होते, "बेन, जूनां बधां वरस जोई लो. आ खातुं चलाविये के बंद करिये?"

जुनी सगळी वर्षं बघून खातं चालवायचं की बंद करायचं ते सांगायचंय, असं घरी सांगितलं तर बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "बघच एकदा. माझं कुठं चुकलं ते सांग मला." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण आपल्यामुळं खातं बुडालं हे त्यांच्या मनातून जात नाही. जेवताना मध्येच घास हातात धरून बसतात.

मी वर्षामागून वर्ष ताडून पाहिलं. बाबांची खरेदी शेवटपर्यंत चोख होती. बदललं ते एकच. बाहेरगावचे व्यापारी न खपलेल्या साड्या परत पाठवतात, हे सुरतेत नेहमीचंच. आधी त्या पुन्हा नव्याच्या भावानं विकल्या जायच्या. मग एका वर्षापासून त्या चिंध्यांसारख्या किलोवर जाऊ लागल्या. ते तू गेल्यानंतरचं वर्ष होतं.

आणि मला आपली भेस्तानची खोली दिसते. बाबा सायकलवरून परत आलेल्या साड्यांचं गाठोडं उतरवतात. तू स्वयंपाक उरकून ओट्याखालची जागा पुसतेस, चादर अंथरतेस. निघालेले खडे चिकटवतेस, लोंबते धागे कापतेस, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवतेस आणि अशी घडी घालतेस की साडी कुणी उघडलीच नव्हती असं वाटावं. मी एकदा पदरावर पाय दिला तर पाठीत धपाटा घातलास. "दिसत न्हाई का गं? इकायची हाय ती!" तुझ्या अंगावर मात्र विटकी सुती साडी. त्यातली एकही तुला कधी मिळाली नाही, याचा आज मला राग येतो. शेठजींचा, बाबांचा, तुझाही. घरचंच काम म्हणून तू ते केलंस, आणि खर्चात ते कुणी कधी धरलंच नाही. खात्याचा नफा म्हणजे तूच होतीस.

अहवालात मी लिहिलं, खातं बंद करावं. परत आलेला माल नवा करणारे हात आता नाहीत. शेठजींनी विचारलं, "कयो कारीगर छोडी गयो?" कोण कारागीर सोडून गेला ते मी सांगितलं नाही. जुनी गोष्ट आहे, म्हणून टाळलं, "जूनी वात छे, शेठजी."

संध्याकाळी बाबा दारातच उभे होते. "काय निघालं?"

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. मंदी होती."

आज ते पोटभर जेवले.

त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी मघापासून स्वतःला समजावतेय. हा कागद त्यांच्या हाती लागणार नाही असाच ठेवीन. पण तुझ्यापासून काय लपवायचं? त्यांच्याजवळ तुझ्या आठवणी भरपूर आहेत, त्यांचा तुझ्याबरोबर संसार झाला. माझ्या वाट्याला तू थोडीच आलीस. ते खातं तुझ्या हातांवर चालत होतं, ही एक गोष्ट फक्त मला माहीत आहे, आणि ती मला कुणालाच द्यायची नाही.