विहीणबाईंचा दरवाजा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण बाळंतिणीच्या खोलीत अजूनही तुझाच कायदा चालतो असं मला वाटत होतं. तो समज परवा इथे आखातात, सोहारमध्ये, माझ्याच घरात गळून पडला. आता सगळं निवळलंय म्हणून निवांत लिहायला बसलेय.

तुझ्या नातवाने बोत्स्वानाची मुलगी केली. दोघं इथल्या एकाच कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला बंदी केली, तेव्हा ठरलं की तिची आईच इकडे येणार. विहीणबाईंना त्यांची सेत्स्वाना सोडून दुसरी भाषा येत नाही. मी म्हटलं, आपण शिकू. सून जेवणाच्या टेबलावर पाय वर घेऊन बसायची आणि माझ्याकडून काळ घोटून घ्यायची. के आ जा, मी जेवतेय. के जेले, मी जेवले. के त्ला जा, मी जेवेन. तुझ्यासारखीच कडक, चुकलं की चमच्याने टेबल वाजवायची. पुस्तकात लिहिलं होतं की ‘रोबेत्से’, म्हणजे झोपलंय, हा भूतकाळ असून अर्थ मात्र वर्तमानाचा, हे शिकणाऱ्यांना फार जड जातं. मला कसलं जड? बाळ झोपलंय म्हणजे आत्ता झोपलेलंच आहे की! ‘के लापिले’, मी दमलेय, तेही तसंच. सून म्हणाली, “आई, तुमचं डोकं आमच्यासारखं चालतं.” मी दिवसभर हवेत होते.

मग विहीणबाई आल्या, नातही आली आणि माझी हवा गेली. त्यांच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत तिच्या आईशिवाय कुणी जायचं नसतं. बाहेर हिंडून आलेल्या माणसाची पावलं तापलेली असतात, ती बाळाला बाधतात म्हणे. आणि भाजी, औषधं, धुणं, सगळ्याला मीच बाहेर. त्यामुळे विहीणबाई नात मला उंबऱ्यातून दाखवायच्या. मी अळिवाची खीर करून दारात ठेवायची आणि वाटी रिकामी परत घ्यायची. माझ्या पाठ केलेल्या काळांना विचारतंय कोण!

बाराव्या दिवशी मी बारसं ठरवलं, आणि ते विहीणबाईंना नीट सांगितलं नाही. आपल्यात सांगावं लागतं का? इथल्या मराठी मंडळातल्या बायका आल्या, काहीजणी थेट मस्कतहून. पाळणा सजवला होता, घुगऱ्या तयार होत्या. मी बाळाला आणायला गेले, तर विहीणबाई चौकटीला हात लावून उभ्या. “न्न्या, मा.” नाही, बाई. मी हसून पुन्हा मागितलं. पुन्हा तेच. बाहेर बायका ताटकळलेल्या, आणि माझा पारा चढला. “हे माझं घर आहे!” मी मराठीतच ओरडले. शब्द कळले नसतील, सूर कळला. त्या वळल्या आणि पलंगाखालून बॅग ओढून कपडे भरायला लागल्या. सून रडत म्हणाली, “आई, ती गेली तर मी पण जाणार. बेबीला घेऊन. पासपोर्ट आला की खलास.”

आई, त्या दारातच मला तू दिसलीस. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाई चार बायकांना घेऊन नातू बघायला आल्या होत्या. शेगडीवर धुरी घातलेली, हाताला तेल, आणि तू तश्शीच दार अडवून उभी. “लेक माझ्याकडे आहे तोवर माझं चालणार, विहीणबाई. पन्हं घ्या आणि बसा ओटीवर.” पहिलं बाळंतपण माहेरचं, हा नियम आपल्याइतकाच त्यांचाही. फक्त इथे माहेरच विमानात बसून सासरी आलं होतं, आणि ते मला एवढ्या दिवसांत सुचलं नव्हतं.

मी दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये येऊन सांगितलं, “बाळ झोपलंय. आज खोलीत जायचं नाही, तिच्या आजीने सांगितलंय. नाव नंतर ठेवू.” कुणी नाक मुरडायच्या आत मी खलबत्त्यातला बत्ता आणला, त्याला नातीचं टोपडं चढवलं आणि पाळण्यात निजवला. नाहीतरी बाळाच्या आधी त्याचाच मान असतो. बायकांनी ‘कुणी गोविंद घ्या’ असं गात तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला. मागे खुदकन आवाज आला. विहीणबाई फटीतून त्या टोपड्यातल्या बत्त्याकडे बघत तोंडावर पदर, म्हणजे त्यांची शाल, दाबून हसत होत्या.

सगळ्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. त्या आल्या. माफीचं वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “के लापिले, मा.” त्या म्हणाल्या, “ले न्ना.” मीही. मग चहा टाकला, मला न विचारता साखर घातली, आणि कप संपेपर्यंत माझ्या समोर बसून राहिल्या. नंतर मला मोरीवर नेऊन पाय धुवायला लावले, स्वतः पंच्याने पुसले आणि हाताला धरून खोलीत नेलं. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. बॅग कोपऱ्यात रिकामी, उघडीच होती. मला इतकं हलकं वाटलं की मी रडायचंही विसरले.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते तुलाही ठाऊक आहे. इतकी वर्षं घरात काहीही झालं की मी म्हणत आले, आई हवी होती. परवा मात्र, तू असतीस तर तुम्हा दोघींपैकी एकही दारातून हलली नसती. तू नव्हतीस तेच बरं झालं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तू असताना हे तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती.