तांबडी वाढली आहे

१२ जून
तांबडी लांब झाली आहे. आज हँडलपर्यंत हात पुरेना. डोन मिसाएलने ती माझ्या अंगाच्या मापाने बनवली तेव्हा मी पंचविशीत होतो. शिंप्यासारखी टेप लावून हात, पाय, पाठ, सगळं मोजलं होतं. इतकी वर्षं ती अंगाला बेतलेल्या कोटासारखी बसत होती. पण पोलादालाही वय असतं, सैलावतं. रोसाल्बाला सांगितलं. म्हणाली, अहो, सायकल नाही वाढली, तुम्ही आटलात. चाळीस वर्षं संसार केला, धातूतलं हिला काही कळत नाही.

निश्चय : सोळा जुलैला, गाडीवाल्यांना सांभाळणाऱ्या कार्मेनमातेच्या दिवशी, घाट चढून वरच्या देवळात तांबडीवर तीर्थ शिंपडून घ्यायचं. दरवर्षी घेतो. गेल्या वर्षी राहिलं, पण गेल्या वर्षी हवा खराब होती. त्याच्या आदल्या वर्षीही.

१५ जून
सराव सुरू. पेट्रोल पंपापर्यंत गेलो. येताना चालत आलो. इथल्या डोंगरी थंडीत तांबडीला एकदम ताणू नये. छाती शिट्टी वाजवते. खाणीतला कोळसा आहे आत, त्याला अजून शिफ्ट चालू आहे असंच वाटतंय. उद्यापासून रोज.

१९ जून
रोज नाही. वारा.

२३ जून
डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला. आमच्या लेकीपेक्षा, यानेथपेक्षाही लहान पोर. म्हणाली, डोन एलिओदोरो, घाट विसरा, जिना चढतानासुद्धा थांबत जा. आमच्या घराला जिना नाही. हे तिला सांगितलं नाही, उगाच ओशाळली असती.

घरी एक मोठा सिलिंडर आला, एक छोटा, फिरता. मोठा खाटेशेजारी. तिथे तांबडी असते. रोसाल्बा म्हणाली, सायकल परसात काढा. मी ऐकलं नाही. तांबडी आता खाटेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे रोसाल्बाच्या बाजूला. रोसाल्बा स्वयंपाकघरात झोपते. तिथे ऊब असते.

३० जून
यानेथच्या ट्रकातून डोन मिसाएलकडे गेलो. दोनच साधी कामं सांगितली. एक, सांगाडा थोडा आखूड कर. दोन, छोट्या सिलिंडरसाठी सांगाड्याच्या नळीखाली एक पिंजरा झाळून दे. म्हातारा आधी गुरगुरला. मग तांबडी मोजली. मग न विचारता मला मोजलं, हात, पाय, पाठ. मग कितीतरी वेळ टेपच गुंडाळत बसला.

काय ते सांग, म्हणालो. तर अंगावरच आला. लोखंड वाढत नसतं, गाढवा! हिची नळी किती पातळ आहे ठाऊक आहे? पुन्हा जाळ दाखवला तर भाजून जाईल पोरगी. मी नाही हात लावणार, जा, दुसरा कसाई बघ!

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. झाळायचा धूर गेला असावा. ज्योत मात्र विझलेली होती. वय झालं त्याचं, टेपही जुनी. एक बरं कळलं : त्याची ज्योतसुद्धा ऑक्सिजनवरच चालते. म्हणजे तांबडीचा आणि माझा खुराक एकच. शुभ लक्षण.

८ जुलै
सकाळी गरम गुळवणी आणि चीज. मग तांबडीला पुसलं, साखळीला तेल दिलं. खाणीतून सुटलो की हिच्यावर बसून घाट चढायचो, अंगावरचा काळा रंग वर पोचेतो घामाने उतरलेला असायचा. वर पोचलेला माणूस मला फार आवडायचा. त्याला हिनेच वर नेलं. माझा हिच्यावर जीव आहे. हे कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी भिंतीला टेकवून हिच्यावर बसलो, नळी नाकात घालून. पायडल उलटं फिरवलं. उत्तम सराव.

१५ जुलै
योजनेत किरकोळ बदल. शेवटच्या वळणापर्यंत ट्रक, तिथून मी. यानेथ पांढरी फुलं आणायला तयार झाली, तांबड्यावर खुलून दिसतात. रोसाल्बाने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, अहो, त्या दिवशी फुलं घालून सायकल ट्रकातून जाते ती गेलेल्या माणसाची. निदान फुगे तरी बांधा! म्हणालो, अडाणीपणा. फुगे ट्रकवाल्यांना शोभतात.

१६ जुलै, संध्याकाळ
मी केबिनमध्ये, काच वर, घोंगडं कानापर्यंत. तांबडी मागे, उभी बांधलेली, फुलांत. घाटात सायकलवाले आम्हाला पाहून बाजूला झाले. भर चढावर उतरले, टोप्या काढल्या. एवढा मान या मुलखात कुठल्या सायकलला मिळाला नसेल.

शेवटच्या वळणावर ट्रक थांबवला. खाली उतरलो. मागच्या फळीपर्यंत गेलो, तिला धरून उभा राहिलो. परत येऊन बसलो. यानेथने गियर टाकला.

देवळापाशी पाद्री नवा. तीर्थ शिंपडलं आणि कर्ण्यावरून विचारलं, सायकल कुणाची? गर्दीतून कुणीतरी ओरडलं, एलिओदोरो पुलिदोची. मग साऊल पुढे आला, माझ्याशी जन्मभर भांडलेला साऊल. म्हणाला, फादर, चढावर असा गडी पुन्हा होणे नाही. यानेथ दार उघडायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. आणखी काय म्हणतो ते ऐकायचं होतं.

साऊल एवढंच म्हणाला. मग पाद्र्याने हात वर केले आणि म्हणाला, देवा, याच्या आत्म्याला चिरशांती दे.

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो, दम पुरला तेवढं.