प्रसूतीच्या खोलीतील खिडक्यांचे कागद न काढण्याबाबत

दि. १० जानेवारी १९८४

प्रति,
मा. उपअभियंता,
सरकारी इमारती देखभाल उपविभाग,
नाशिक.

विषय : बोरमळा उपकेंद्राच्या खिडक्यांच्या फटी बुजविणे व मला दिलेली नोटीस रद्द करणे.
संदर्भ : १) माझे तीन अर्ज. २) आपली नोटीस दि. ५/१/८४.

महोदय,

मी पिंपळगाव बसवंतजवळील बोरमळा येथे परिचारिका आहे. आमचे उपकेंद्र पाटबंधारे खात्याच्या साहेबाच्या जुन्या बंगल्यात भरते. प्रसूतीच्या खोलीला उत्तरेकडे तीन खिडक्या आहेत. चौकटी आखडून भिंतीपासून सुटल्या असून फटीत माझे बोट जाते. पहिल्या अर्जानंतर आपले नाथा मिस्त्री आले, कौले मोजून गेले. "मला कौलांचंच सांगितलंय, बाई," म्हणाले. दुसऱ्या अर्जावर "खेळती हवा आरोग्यास हितकारक असते" असे लेखी उत्तर मिळाले. तिसऱ्यास उत्तर नाही.

दि. २८ डिसेंबरला सकाळी सहा वाजता गोजराबाई बाळंत झाली. मुलगी, वजन एक किलो नऊशे. वाऱ्याने कंदील दोनदा विझला. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे धोक्याचे, म्हणून ती मी ठेवत नाही. गोजराबाईची सासू तानुबाई ओरडली, "बाई, पोरीचे पाय लय गार पडलेत, निळी पडली हो!" ते मूल मी माझ्या लुगड्यात, छातीशी धरून दोन तास बसले. नंतर आजीने धरले, मग आईने. मूल वाचले. त्या दोन तासांत मला काय वाटले, यासाठी आपल्या नमुन्यात रकाना नाही.

त्याच दुपारी मुलीचा बाप सहादू शेणमाती घेऊन फटी लिंपायला आला. धनुर्वाताच्या भीतीने मी त्याला परत पाठवले. माझे जुने पातळ फाडून, उकळून, त्याच्या पट्ट्या खळीत बुडवून फटींत ठासल्या. वरून, काचांसकट, कुटुंबनियोजनाची गेल्या वर्षीची उरलेली भित्तिपत्रके चिकटवली. कळा देणाऱ्या बाईला ती वाचावी लागू नयेत म्हणून छापील बाजू बाहेर ठेवली. रस्त्यावरून ती चांगली दिसतात.

आपले ओव्हरसियर ४ तारखेला भर दुपारी आले. "खिडकी म्हटली की फट असायचीच," असे म्हणून प्रचारसाहित्याचा गैरवापर व इमारतीत विनापरवाना फेरबदल, असे दोन ठपके लिहून गेले. कागद शुक्रवारपर्यंत काढण्याचा हुकूम आहे. हवेसाठी त्याच खोलीची दक्षिणेची खिडकी रोज उघडते, हे मी त्यांना दाखवले. ते नोटिशीत आलेले नाही.

पट्ट्या लावल्यापासून येथे तीन बाळंतपणे झाली. एकही मूल गार पडले नाही.

नवीन चौकटी बसेपर्यंत मी कागद काढणार नाही. त्याबद्दल जी शिक्षा होईल ती मान्य आहे. भागीबाईचे दिवस भरले आहेत. आज सकाळपासून तिची कंबर दुखते आहे. आपला माणूस कागद काढायला येणार असेल, तर त्याने पहाटे यावे, आणि आधी माझ्याबरोबर खोलीत बसावे.

कळावे, आणि थंडी संपण्याआधी कळावे.

आपली नम्र,
चांगुणा मोतीराम पगारे
परिचारिका, बोरमळा उपकेंद्र

सोबत : तिन्ही अर्जांच्या नकला, नोटिशीची नक्कल, चार बालकांच्या वजनांचा उतारा.