जोतिबाच्या पुस्तकाचे गठ्ठे

अहो,

छापखान्यातून तुमच्या जोतिबाच्या यात्रेवरच्या पुस्तकाचे गठ्ठे आलेत. मुखपृष्ठावर आपली नंदिनी जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालात माखून तुमच्या खांद्यावर बसली आहे. गठ्ठे आणणारा माणूस हसून म्हणाला, "वैनी, फुडच्या पुस्तकात पोरगी कुठं जाणार हाय?" ती श्रावणात तापानं गेली, हे त्याला काय ठाऊक! मी त्याला नुसतं पाणी दिलं.

मी मुरगूडला आईकडं जाते. भात-आमटी झाकून ठेवली आहे, उपाशी झोपू नका. इतक्यात मला न्यायला येऊ नका.

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय, 'दिवेलागणीला आम्ही तिघंही सुखरूप घरी आलो.' ते वाचल्यावर मला या घरात बसवेना.

श्यामला