हॅलिफॅक्स कऱ्हाडहून जवळ

२ जून, सकाळ
कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून मेल आली. नद्यांच्या पाण्यावरचं एमएस्सी, पूर्ण स्कॉलरशिपसकट. तीस जूनपर्यंत ऑनलाइन होकार द्यायचा. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. पप्पा सोडणार नाहीतच. पण लखनौची गोमती नदी स्वच्छ करायचं मी ठरवलं आहे. आजच बोलणार.

२ जून, संध्याकाळ
बोलले नाही. पप्पा एअरफोर्समधून रिटायर झाले तरी घरात नियम तोच: मागणी थ्रू प्रॉपर चॅनेल. आधी आई, मग पप्पा. आणि सोबत आकडे हवेत.

५ जून
लखनौ ते हॅलिफॅक्स, हवाई अंतर अंदाजे अकरा हजार दोनशे किलोमीटर. सरळ विमान नाही. दिल्ली, लंडन, मग हॅलिफॅक्स. एक अख्खा दिवस. आईला झेपणार नाही.

९ जून
सापडलं! तिथलं घड्याळ साडेआठ तास मागे. पहाटे निघाले की त्याच तारखेला रात्री पोचते! कऱ्हाडला गावी जायला आपल्याला दोन दिवस लागतात. म्हणजे हॅलिफॅक्स कऱ्हाडहून जवळ. उद्या आईला सांगते.

१४ जून
सांगायचं राहिलं. अमोघने माझा नकाशा बघितला. धाकटा भाऊ, मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. "दीदी, पढ़ने जा रही है या प्लेन उड़ाने?" दुर्लक्ष केलं.

२० जून
आईला सांगितलं. भेंडी चिरता चिरता म्हणाली, "जाताना त्याच दिवशी, बरं. अन् येताना गं?"
म्हटलं, बघून सांगते. बघितलं. रविवारी निघून मंगळवारी. परतीचं काहीतरी करावं लागेल.

२४ जून
विमानतळाजवळ सरोजिनी नगरात घर म्हणजे डोक्यावरून दिवसभर विमानं. मी खाली कपडे वाळत घालते. हे घर मला सोडणार नाही.

२९ जून, सकाळ
आईनेच सांगून टाकलं. पप्पा चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "जा की मग. विचारतेस काय?" एकही किलोमीटर विचारला नाही. मी भांडणाची तयारी केली होती. होकाराची नव्हती.

३० जून, दुपार
होकाराचं पान उघडलं. एकच बटण. दाबण्याआधी हॅलिफॅक्सचा जानेवारी बघितला. मग लंडनला विमान बदलताना किती चालावं लागतं, ते. घाईत निर्णय घेणाऱ्यांतली मी नाही. शिवाय पप्पांनी इतक्या सहज हो म्हणणं हाही एक दबावच. तेवढ्यात आईला आलमबागच्या बाजारात जायचं होतं, सोबत कोणी नाही. मीच गेले. घरात अडकलं की असं होतं.

२ जुलै
पान उघडत नाही. मुदत संपली म्हणे. इतक्या कडक लोकांत माझं जमलंच नसतं. पप्पांना आज सांगणार.

३ जुलै, संध्याकाळ
सांगायला गेले, तर पप्पा अंगणात. माळ्यावरची काळी ट्रंक काढून घासली होती. पूर्वी बदली झाली की करायचे, तसं पांढऱ्या रंगाने झाकणावर माझं नाव घालत होते. शेजारच्या मिश्रा आंटी कुंपणाशी लाडू खात उभ्या. "भाईसाहब, बिटिया अकेली जाएगी?" पप्पा म्हणाले, "अकेली! हमारी बिटिया तो दिल्ली भी अकेले नहीं गई कभी."
मग ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलं. "हॅलिफॅक्सचं स्पेलिंग सांग."
एकेक अक्षर सांगितलं.
रंग ओला असताना काही बोलणं बरं दिसत नाही. वाळला की सांगते.