फोर्टातली खुर्ची

बाई, तुम्ही मला फोर्टात पाठवलंत त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि अजून माझा राग गेलेला नाही. राग म्हणते, पण तो राग नव्हे. मला तिचा, तुमच्या दुसऱ्या विद्यार्थिनीचा, हेवा वाटतो.

तुम्ही गिरगावातून भाईंदर पूर्वेला राहायला आला होतात. बाहेरच्या खोलीत तुमचे यजमान, आमचे सर, आजारी, त्यामुळे अकाउंट्सची शिकवणी स्वयंपाकघरात चालायची. बी.कॉम. झाल्यावरही आम्ही दोघी येत राहिलो, कारण आता तुम्ही शेअरबाजार शिकवत होतात. मी मीरा रोडची, परळहून आलेल्या कारकुनाची मुलगी. ती भाईंदरच्याच मूळ गावातली, मिठागरं आणि भातशेती असलेल्या घरातली. कुकर शिट्ट्या देतोय, तुम्ही कणीक मळताय आणि मी पेपरातले भाव मोठ्याने वाचतेय. कुठला शेअर घ्यावा, याचं उत्तर आधी माझंच यायचं. तुम्ही मान हलवून तिच्याकडे बघायचात. "तुला काय वाटतं गं?" ती म्हणायची, "मना अजून कलत न्हाय बाई. उद्या सांगन." आणि तुम्ही उद्यापर्यंत थांबायचात. माझ्यासाठी थांबायची वेळ मी तुमच्यावर कधी आणलीच नाही.

मग बाजार कॉम्प्युटरवर आला आणि दोन गोष्टी एकदम चालून आल्या. फोर्टातला एक दलाल, तुमचा जुना विद्यार्थी, पेढीच्याच पैशाने सौदे करणारी माणसं शोधत होता. पगार, नफ्यात वाटा, आणि तोटा झाला तर तो पेढीचा. त्याने तुमच्याकडे या कामासाठी एक मुलगी मागितली. त्याच सुमाराला गावातल्या जमिनी बिल्डरांकडे गेल्या होत्या आणि बायकांच्या हाती पैसा आला होता. तो सगळ्यांचा एकत्र करून कुणीतरी चालवावा, एकीकडे शेअर घेतले तर दुसरीकडे विकून ठेवावेत, म्हणजे बाजार पडला तरी कुणी बुडणार नाही, असं तुमच्या डोक्यात होतं. चालवणारीला नफ्यातला हिस्सा. मला तेच हवं होतं. दारावरची माझ्या नावाची पाटीसुद्धा मला दिसत होती. विचारायला आले, तेव्हा ती खाली बसून तुमची मेथी निवडत होती.

"तू फोर्टात जा," तुम्ही म्हणालात.

"आणि बायकांचं?"

"ते ही करेल. माझेही पैसे मी हिच्याकडेच देणार आहे."

मी का म्हणून विचारलं. तुम्ही पोळी उलटलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "परवा आपला अंदाज चुकला, तेव्हा तू इथे बसून दुसऱ्यांदा भात घेतलास. ही न जेवता गेली. पेढीला तुझ्यासारखंच माणूस लागतं. तोटा पचवून लगेच पुढच्या सौद्याला बसणारं."

"म्हणजे मी भरवशाची नाही."

"तसं मी म्हटलं नाही."

तुम्ही म्हटलं नाहीत, पण ती मेथी निवडत राहिली. तिने एकदा तरी "हिलाच द्या" म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तुमचं बरोबर निघालं, हेच तर अवघड आहे. फोर्टातल्या त्या खुर्चीत मी नाव काढलं. सकाळी हरायचे, दुपारी डबा खायचे, बाजार बंद होईपर्यंत भरून काढायचे. मीरा रोडला मोठा फ्लॅट घेतला. तिचं काम भाईंदरातल्या एका दुकानावरच्या खोलीत सावकाश चाललं होतं. पुढे बाजार जोरात आपटला, तेव्हा तिच्याकडचेही पैसे थोडे घटले. ती घरोघरी जाऊन स्वतः सांगून आली आणि एकाही बाईने पैसे परत मागितले नाहीत. मी दिवाळीचा फराळ घेऊन आले होते, तेव्हा तुम्हीच मला हे सांगितलंत. सांगताना तुमचा चेहरा काय फुलला होता! त्याच पडझडीत मी पेढीला भरपूर कमावून दिलं होतं. ते मी सांगितलंही. "छान," म्हणालात, आणि पुन्हा तिच्याबद्दल बोलायला लागलात.

तुम्ही गेलात, तेव्हा मी ऑफिसातून थेट आले. गावातल्या बायका तिलाच धीर देत होत्या, जणू आई तिची गेली होती. मी दाराशी उभी होते. कुणीतरी मला पाहुणीला द्यावं तसं पाणी आणून दिलं.

काल ती स्टेशनबाहेर भेटली. केस पिकलेत, बोलणं तेच. चहा घेताना म्हणाली, "बाई मना नेहमी तुझाच दाखला देवाच्या. मी घाबरले का बोलाच्या, ‘तिला बघ, कशी लढते.’ मना जाम राग येवाचा तुझा."

हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. घरी आल्यावर लिहायला बसले. एकदा वाटलं, तुम्हाला नाही तर निदान तिला तरी वाचायला द्यावं. पण नाही देणार, नाहीतर तिला एक गोष्ट कळेल. रिक्षावाले कितीही ओरडत असले, तरी तिचं ते रागाचं वाक्य मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. "काय म्हणालीस?" असं विचारून मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.